सांगकाम्या वैमानिक: टेकऑफनंतर ऑटोपायलटचं बटण दाबण्याआधी ऐकावा असा इतिहास

आजच्या भागाचा हा लिखित मजकूर. इअरफोन घरी राहिले असतील किंवा लोकलमध्ये आवाज ऐकू येत नसेल, तर निवांत वाचा.

आजचा विषय थोडा खेळाचा, थोडा इतिहासाचा. तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या फोनमध्ये किंवा लॅपटॉपवर फ्लाइट सिम्युलेटर असणार. इन्फिनिट फ्लाइट, एक्स-प्लेन, मायक्रोसॉफ्टचा फ्लाइट सिम्युलेटर, कुठलाही घ्या. समजा तुम्ही मुंबई विमानतळ निवडला आणि धावपट्टी २७ वर उभे राहिलात. २७ म्हणजे तोंड जवळपास २७० अंशांकडे, म्हणजे सरळ पश्चिमेला, समुद्राच्या दिशेने. थ्रॉटल पूर्ण पुढे, वेग वाढला, नाक उचललं, चाकं सुटली. वा! आता फोन तिरका-सरळ करत बसायचा कंटाळा येतो, म्हणून तुम्ही ऑटोपायलटचं बटण दाबता. आणि विमान अचानक उजवीकडे वळून उत्तरेला निघतं. किंवा नाक खाली घालून समुद्राकडे जातं. किंवा नाक इतकं वर घेतं की वेग संपतो आणि विमान दगडासारखं कोसळतं.

पहिली प्रतिक्रिया काय असते? "गेममध्ये बग आहे." पण बहुतेक वेळा बग नसतोच. दिशेच्या खिडकीत ३६० तसंच राहिलेलं असतं, म्हणून विमान उत्तरेला वळतं. उंचीच्या खिडकीत शून्य असतं, म्हणून ते खाली जातं. चढण्याचा दर अवाच्या सव्वा भरलेला असतो, म्हणून ते नाक वर करत राहतं. त्याने सांगितलेलं काम चोख केलेलं असतं. मराठीत अशा माणसाला आपल्याकडे झकास शब्द आहे: सांगकाम्या. सांगितलं तेवढंच करणार. तुमच्या मनात काय होतं, याच्याशी त्याला देणंघेणं नाही.

तर आज या सांगकाम्याची गोष्ट. तो जन्मला कसा, त्याने कुणाचे प्राण वाचवले, आणि त्याला नीट न सांगितल्यामुळे कुणाचे गेले.

लंबक हरला, भोवरा जिंकला

राईट बंधूंचं विमान १९०३ साली उडालं, हे आपल्याला शाळेपासून माहीत आहे. एक गोष्ट मात्र फारशी सांगितली जात नाही. त्यांची विमानं मुद्दामच अस्थिर ठेवलेली होती. सायकल जशी चालवणाऱ्याने सतत तोलावी लागते, तसं विमान वैमानिकाने तोलावं, असा त्यांचा विचार. दोघेही सायकलचे कारागीर, त्यामुळे हे साहजिकच होतं. पण याचा अर्थ असा की वैमानिकाला एका क्षणाचीही उसंत नाही. हात सुटला की तोल गेला.

मग प्रश्न आला, विमानाने स्वतःच स्वतःला तोलावं यासाठी काय करता येईल? ऑर्व्हिल राईटने स्वतः एक यंत्रणा बनवली. पंख सरळ ठेवायला लंबक आणि नाक सांभाळायला वाऱ्याने हलणारी एक पट्टी. या कामाबद्दल त्याला अमेरिकेतला १९१३ सालचा कॉलियर पुरस्कारही मिळाला.

पण लंबकात एक खोट होती. एसटीने घाटातलं वळण घेतलं की छताला टांगलेली वस्तू बाहेरच्या बाजूला झुकते की नाही? म्हणजे त्या क्षणी ती वस्तू "खाली कुठे आहे" हे खोटं सांगते. विमानात तर आणखी गंमत. विमान पंख कलवून व्यवस्थित वळत असेल, तर आतला लंबक विमानाच्या जमिनीशी काटकोनातच राहतो. त्याच्या मते सगळं सरळ आहे. पंख ३० अंश कललेले असले तरी तो म्हणणार, "काही झालेलं नाही." आणि बरं का, आपल्या कानाच्या आतला तोल सांभाळणारा भागही असाच फसतो. हे लक्षात ठेवा, पुढे मुंबईच्या समुद्रावर आपल्याला याच फसवणुकीकडे परत यायचं आहे.

मग न फसणारी वस्तू कुठली? भोवरा! जोरात फिरणारा भोवरा आपला आस सोडायला तयार नसतो. १८५२ साली फ्रान्सच्या लिऑन फूकोने अशाच फिरत्या चाकाने पृथ्वीचं फिरणं दाखवलं आणि त्या उपकरणाला जायरोस्कोप हे नाव दिलं. पुढे अमेरिकेत एल्मर स्पेरी नावाच्या संशोधकाने हा भोवरा कामाला लावला. १९१० साली त्याने ब्रुकलिनमध्ये कंपनी काढली आणि जहाजांसाठी जायरो होकायंत्र बनवलं. १९११ साली अमेरिकी नौदलाच्या डेलावेअर या युद्धनौकेवर त्याची चाचणी झाली.

जहाजावर चालतं, मग विमानात का नाही? हा प्रश्न घेऊन पुढे गेला त्याचा मुलगा लॉरेन्स.

सीन नदीवर दोन्ही हात वर

१८ जून १९१४. पॅरिसजवळचं बेझाँ हे गाव, सीन नदीचा काठ. विमानाची सुरक्षितता वाढवणाऱ्या शोधांची स्पर्धा सुरू होती. काठावर परीक्षक आणि बघ्यांची गर्दी. लॉरेन्स स्पेरीचं वय फक्त २१ वर्षं. विमान होतं कर्टिस कंपनीचं सी-२, पाण्यावर उतरणारं. सोबत एमिल काशँ नावाचा फ्रेंच मेकॅनिक.

पहिल्या फेरीत परीक्षकांसमोरून जाताना लॉरेन्सने दोन्ही हात वर केले. विमान सरळच. दुसऱ्या फेरीत काशँ आसन सोडून चक्क पंखावर चालत गेला. एका बाजूला माणसाचं वजन गेल्यावर विमान कलंडायला हवं होतं. पण भोवऱ्याला कल कळला, त्याने पंखाच्या मागच्या पट्ट्या हलवल्या आणि विमान परत सरळ झालं. लॉरेन्सचे हात वरच! तिसऱ्या फेरीत तर कहर झाला. एका पंखावर काशँ, दुसऱ्या पंखावर लॉरेन्स, आणि मधलं वैमानिकाचं आसन रिकामं.

स्पर्धेचं ५०,००० फ्रँकचं बक्षीस त्यांना मिळालं. त्या वर्षीचा कॉलियर पुरस्कार वडिलांना, एल्मर स्पेरीला मिळाला. पण कौतुक फार दिवस टिकलं नाही. बेझाँच्या त्या दिवसानंतर बरोबर १० दिवसांनी, २८ जूनला सारायेव्होमध्ये ऑस्ट्रियाच्या युवराजाचा खून झाला आणि युरोप महायुद्धात ओढला गेला. युद्धाच्या काळात स्पेरी बापलेक याच तंत्राने बिनवैमानिकाचं, बॉम्ब घेऊन जाणारं विमान बनवायला लागले. म्हणजे आजच्या ड्रोनची मुळंही याच भोवऱ्यात सापडतात.

लॉरेन्सला फार आयुष्य लाभलं नाही. १३ डिसेंबर १९२३ ला तो आपल्या छोट्या विमानातून इंग्लिश खाडी ओलांडायला निघाला आणि पोहोचलाच नाही. ३१ वा वाढदिवस जेमतेम आठवड्यावर होता.

एक गोष्ट इथे नीट समजून घेऊ. १९१४ चं यंत्र फक्त तोल सांभाळत होतं. कुठे जायचं, किती उंच जायचं, किती वेगाने जायचं, यातलं काही त्याला माहीत नव्हतं. आज सिम्युलेटरमध्ये एपी असं लिहिलेलं मुख्य बटण आणि बाजूला दिशा, उंची, चढण्याचा दर अशी वेगवेगळी बटणं का असतात, याचं उत्तर इथे आहे. आधी तोल आला, बाकीचे थर नंतर एकेक करून चढत गेले. आजही छोट्या विमानांतल्या बऱ्याच प्रणालींमध्ये नुसतं मुख्य बटण दाबलं तर ती म्हणते, "ठीक आहे, आत्ता नाक आणि पंख जसे आहेत तसे धरून ठेवते." पुढचं तुम्ही सांगायचं.

एक डोळा आणि बोटाला बांधलेला पाना

पुढचा टप्पा होता काही न दिसता उडण्याचा. २४ सप्टेंबर १९२९ ला न्यूयॉर्कजवळच्या मिचेल फील्डवर जिमी डूलिटलने कॉकपिटवर झाकण ओढून घेतलं. बाहेरचं काही दिसत नव्हतं. तरी त्याने उड्डाण केलं, फेरी मारली आणि उतरवलंही. पुढच्या आसनावर बेन केल्सी हा वैमानिक होता, पण फक्त गरज पडलीच तर सांभाळायला. डूलिटलच्या समोर स्पेरी कंपनीचा कृत्रिम क्षितिज दाखवणारा जायरो होता. तुमच्या स्क्रीनवर वर निळा आणि खाली तपकिरी असा जो गोल किंवा चौकोन दिसतो ना, तो त्याच उपकरणाचा वंशज.

आणि मग आला वायली पोस्ट. तेलविहिरीवर काम करताना अपघातात त्याचा डावा डोळा गेला होता. भरपाईच्या पैशातून या पठ्ठ्याने विमान घेतलं! १९३१ साली त्याने हॅरॉल्ड गॅटी या वाट दाखवणाऱ्या सोबत्याबरोबर पृथ्वीप्रदक्षिणा केली. वेळ लागला ८ दिवस, १५ तास, ५१ मिनिटं. १९३३ मध्ये तो परत निघाला, पण या वेळी एकटा. गॅटीच्या जागी होता स्पेरीचा ऑटोपायलट. १५ जुलैला न्यूयॉर्कहून निघून तो २२ जुलैला परत आला. ७ दिवस, १८ तास, ४९ मिनिटं. माणूस एक कमी, आणि वेळ २१ तासांनी कमी.

पण यंत्र काही गुणी बाळ नव्हतं. वाटेत ते बिघडायचं आणि दुरुस्तीसाठी थांबावं लागायचं. अलास्कात उतरताना विमानाचा पंखा वाकला, तो निराळाच. झोपेचं काय? पोस्टने बोटाला दोरी बांधून तिच्या टोकाला एक पाना लावला होता. डुलकी लागली की हातातला पाना सुटणार, बोटाला हिसका बसणार आणि जाग येणार. म्हणजे बघा, जगातला सगळ्यात आधुनिक ऑटोपायलट विमानात आहे, आणि तरी त्याच्यावर लक्ष ठेवण्यासाठी माणूस स्वतःला जागं ठेवायची सोय करतोय. आपल्या कथेचं मर्म त्या पान्यात आहे.

याच सुमारास आपल्याकडे काय चाललं होतं? १५ ऑक्टोबर १९३२ ला जे. आर. डी. टाटा टपालाच्या थैल्या घेऊन पस मॉथ विमानातून कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईला जुहूला उतरले. तो सगळा प्रवास हातांनी, डोळ्यांनी आणि होकायंत्राने. टाटांच्या हवाई टपालसेवेची सुरुवात अशी झाली.

विमान खोलीत आणणारा माणूस

आता सिम्युलेटरचा इतिहास पटकन बघू, कारण तो याच काळात सुरू होतो. अमेरिकेत बिंगहॅम्टन गावात एड लिंक नावाचा तरुण वडिलांच्या पियानो-ऑर्गनच्या कारखान्यात काम करायचा. विमान शिकायचं तर तासाला भरपूर पैसे लागतात, म्हणून त्याने ऑर्गनचे भाते आणि हवेचे पंप वापरून जमिनीवरच डुलणारं खोटं विमान बनवलं. साल १९२९. सुरुवातीला ते जत्रेतल्या खेळासारखं करमणुकीच्या बागांत गेलं!

१९३४ मध्ये अमेरिकी लष्कराला टपाल वाहून न्यायचं काम मिळालं. खराब हवेत उडायची सवय नसलेले वैमानिक एकामागोमाग एक मरू लागले. तेव्हा लष्कराला लिंकची आठवण झाली. भेटीच्या दिवशी धुकं इतकं की अधिकाऱ्यांना वाटलं, हा काही येत नाही. लिंक उपकरणांच्या भरवशावर विमान घेऊन उतरला. लष्कराने प्रत्येकी ३,५०० डॉलरला ६ यंत्रं घेतली. दुसऱ्या महायुद्धात लाखो वैमानिक त्या निळ्या डब्यात बसून शिकले.

घरातल्या संगणकावर हे आणलं ब्रूस आर्टविकने. १९७५ साली इलिनॉय विद्यापीठात त्याने याच विषयावर प्रबंध लिहिला, १९७९ मध्ये ॲपल-२ संगणकासाठी खेळ तयार केला आणि १९८२ मध्ये मायक्रोसॉफ्टचा पहिला फ्लाइट सिम्युलेटर बाजारात आला. तेव्हा डोंगर म्हणजे चार रेघा. आज फोनवर बांद्रा-वरळी सागरी सेतू दिसतो.

सांगितलं ते केलं

युद्धानंतर सांगकाम्या भराभर शहाणा झाला. सप्टेंबर १९४७ मध्ये अमेरिकी हवाई दलाच्या सी-५४ विमानाने न्यूफाउंडलंडहून इंग्लंडपर्यंत अटलांटिक पार केला. टेकऑफपासून लँडिंगपर्यंत सगळं स्वयंचलित. विमानात माणसं होती, पण त्यांनी उडवलं नाही. त्यानंतर उंची धरणं, दिशा धरणं, वेग धरणं, ठरलेल्या मार्गाने जाणं असे एकेक प्रकार जोडले गेले. इंग्रजीत त्यांना मोड म्हणतात, आपणही मोडच म्हणू.

आणि इथूनच नवा धोका सुरू झाला. आधी प्रश्न होता "यंत्र चालतंय का?" आता प्रश्न झाला "यंत्र नेमकं कुठल्या मोडमध्ये आहे?"

पहिलं उदाहरण. २९ डिसेंबर १९७२, ईस्टर्न एअरलाइन्सचं उड्डाण ४०१, मायामी. पुढचं चाक खाली आल्याचा दिवा लागेना. वैमानिकांनी ऑटोपायलटला २,००० फुटांवर उंची धरायला लावलं आणि सगळे त्या दिव्याच्या मागे लागले. तेवढ्यात कुणाचा तरी स्टीअरिंगला धक्का लागला असावा. उंची धरण्याचा मोड सुटला आणि विमान हळूहळू खाली येऊ लागलं. उंची सुटल्याचा इशारा वाजला, पण कुणाच्या लक्षात आलं नाही. रात्रीच्या अंधारात विमान एव्हरग्लेड्सच्या दलदलीत आदळलं. १७६ पैकी १०१ माणसं गेली. बिघाड काय होता? दिव्याचा बल्ब गेला होता.

दुसरं. २० जानेवारी १९९२, फ्रान्स. एअर इंतेर कंपनीचं ए-३२० विमान रात्री स्ट्रासबुर्गला उतरत होतं. खाली येण्याचा कोन आणि खाली येण्याचा दर, दोन्ही एकाच बटणाने भरले जायचे. तपासात सर्वांत संभाव्य मानलेलं कारण असं: वैमानिकांना ३.३ अंश हवे होते, पण मोड दुसराच होता, आणि खिडकीत दिसणाऱ्या ३३ चा अर्थ झाला मिनिटाला ३,३०० फूट. विमान डोंगरावर गेलं. ९६ पैकी ८७ जण मृत्युमुखी पडले. पुढे ती खिडकी बदलली, आणि दर चार आकडी दिसू लागला. एका दशांश चिन्हाची ही किंमत.

आणि तिसरं उदाहरण थेट आपल्या विषयाचं, टेकऑफनंतर लगेच ऑटोपायलट लावण्याचं. ३० जून १९९४, टुलूझ. एअरबसचं नवं कोरं ए-३३० चाचणी उड्डाणावर होतं. चालवणारी माणसं अनुभवी. चाचणीच अशी की टेकऑफनंतर लगेच ऑटोपायलट लावायचा, एक इंजिन मुद्दाम मंद करायचं आणि विमान कसं सांभाळतं ते बघायचं. पॅनेलवर उंची भरलेली होती २,००० फूट. म्हणजे उडाल्या-उडाल्याच ती उंची जवळ आली. ऑटोपायलट लगेच "उंची पकडण्याच्या" मोडमध्ये गेला आणि त्याने तिथे पोहोचण्याची वक्र वाट आखली. ती वाट आखली तेव्हा विमान जोरात चढत होतं. मग एका इंजिनाचा जोर गेला, पण वाट तीच राहिली. वाट सोडायची नाही म्हणून नाक वर, आणखी वर. वेग कमी, आणखी कमी. त्या मोडमध्ये नाक किती वर जावं याला मर्यादा घातलेली नव्हती. वैमानिकांनी विमान हातात घेतलं तोवर उशीर झाला होता. इतक्या कमी उंचीवर सावरायला जागाच नव्हती. ७ जण गेले.

आता सिम्युलेटरमधलं ते कोसळणारं विमान आठवा. तुम्ही छोट्या सेस्ना १७२ ला सांगितलं, "मिनिटाला १,५०० फूट चढ." समुद्रसपाटीला ते बिचारं पूर्ण जोर लावून मिनिटाला ७०० फुटांच्या आसपास चढतं. सांगकाम्या नाही म्हणत नाही. तो नाक वर करतो, वेग खातो, आणि शेवटी पंखांना आधार देणारी हवाच पुरत नाही. टुलूझमध्ये कारण वेगळं होतं, पण गणित हेच: मागितलेली चढण आणि इंजिनांचा जोर यांचा मेळ बसला नाही, आणि यंत्राने फरक वेगातून भागवला.

मग हातानेच उडवलेलं बरं?

हे सगळं ऐकून तुम्ही म्हणाल, "कशाला तो ऑटोपायलट? हातानेच उडवू." थांबा. दुसरी बाजू आपल्याच शहराने बघितली आहे.

१ जानेवारी १९७८, नव्या वर्षाची पहिली रात्र. एअर इंडियाचं बोईंग ७४७, नाव "सम्राट अशोक", मुंबईहून दुबईला निघालं. धावपट्टी पश्चिमेची, समोर अरबी समुद्र. उड्डाण हातानेच चाललं होतं. किनारा ओलांडल्यावर उजवीकडे हलकंसं वळण घेतलं आणि विमान पुन्हा सरळ झालं. पण तपासानुसार कॅप्टनसमोरचं कृत्रिम क्षितिज सरळ झालं नाही. ते सांगत राहिलं, "आपण अजून उजवीकडे कललेले आहोत." खाली काळा समुद्र, वर काळं आकाश, मधली रेघ कुठे दिसणार? कॅप्टनने विमान डावीकडे झुकवलं, अजून डावीकडे, १०० अंशांच्याही पलीकडे. टेकऑफनंतर दोन मिनिटंही झाली नव्हती. बांद्र्याच्या किनाऱ्यापासून जवळच विमान समुद्रात पडलं. २१३ माणसं होती, एकही वाचलं नाही. सहवैमानिकासमोरचं आणि मधलं राखीव क्षितिज, ही उपकरणं ठीक होती, असं तपासात निघालं.

कानातला लंबक इथे कामाचा नव्हता, हे आता लक्षात आलं असेल. अंधारात शरीर सांगतं त्यावर विसंबता येत नाही. आणि एकाच भोवऱ्यावरही विसंबता येत नाही. म्हणून तर विमानात ही उपकरणं एकाहून जास्त असतात. फक्त दुसऱ्याकडे आणि तिसऱ्याकडे वेळेत बघायला हवं. तेव्हा "यंत्र वाईट, माणूस चांगला" किंवा उलट, असं सरळ उत्तर या इतिहासात मिळत नाही.

१९९७ साली अमेरिकन एअरलाइन्सचे प्रशिक्षक वॉरेन व्हँडरबर्ग यांनी वैमानिकांसमोर एक व्याख्यान दिलं, ते पुढे जगभर गाजलं. स्क्रीनवरची मार्गाची रेघ जांभळट-गुलाबी, म्हणजे मॅजेंटा रंगाची असते. त्या रेघेमागे डोळे मिटून जाणाऱ्यांना त्यांनी "मॅजेंटाची मुलं" म्हटलं. त्यांचा मुद्दा साधा होता. परिस्थिती बदलली आणि यंत्राला समजावण्यातच वेळ जात असेल, तर एक पायरी खाली या. संगणकाशी खेळणं सोडून साधी दिशा आणि उंची भरा. तेही जमत नसेल, तर बंद करा आणि हातात घ्या. परत सगळं शांत झालं की लावा.

तर आता तुमच्या स्क्रीनवर

इतिहासातून थेट कामाची गोष्ट. पुढच्या वेळी टेकऑफ करताना हे करून बघा.

एक: धावपट्टीवर उभे असतानाच खिडक्या भरा. दिशा धावपट्टीची, म्हणजे २७ असेल तर २७०. उंची खरोखर जायची तेवढी, उदाहरणार्थ ५,००० फूट. चढण्याचा दर विमानाच्या ताकदीत बसेल असा. आधीच्या उड्डाणातला एकही आकडा तसाच ठेवू नका.

दोन: चाकं सुटल्या-सुटल्या बटणाकडे धावू नका. खऱ्या ए-३२० मध्ये १०० फुटांखाली आणि उड्डाणानंतर ५ सेकंदांच्या आत ऑटोपायलट लावायची परवानगी नाही. बोईंग ७३७ च्या नव्या पिढीत ही मर्यादा ४०० फूट आहे, आणि विमान कंपन्यांचे नियम याहून कडक असू शकतात. तुम्ही १,००० फुटांपर्यंत हाताने जा. चाकं आत घ्या, वेग वाढू द्या.

तीन: आधी विमान हाताने स्थिर करा, ट्रिम नीट करा, मग यंत्राला द्या. डळमळणारं विमान सोपवलं तर पहिला झटका ठरलेला. चालत्या गाडीचं स्टीअरिंग वळणाच्या मध्यावर कुणी दुसऱ्याच्या हातात देत नाही, तसंच हे.

चार, आणि सगळ्यात महत्त्वाचं: बटण दाबल्यावर बटणाकडे बघू नका, वरच्या पट्टीकडे बघा. कुठला मोड चालू झाला, ते तिथे अक्षरांत लिहून येतं. दिशा धरली आहे का? चढतंय की उंची पकडतंय? मग वेगाकडे एक नजर. खरे वैमानिक हे मोठ्याने वाचून दाखवतात, दोघांनाही ऐकू जावं म्हणून. तुम्ही एकटे असलात तरी मोठ्याने वाचा. घरचे हसतील, हसू द्या.

पाच: विमान तुम्हाला न कळणारं काही करू लागलं, तर "हे असं का करतंय?" हा विचार नंतर. आधी ऑटोपायलट बंद, नाक क्षितिजावर, पंख सरळ, पुरेसा जोर. वैमानिकांना शिकवला जाणारा क्रम हाच: आधी विमान उडवा, मग वाट शोधा, मग बोला.

सिम्युलेटरची मोठी कृपा अशी की इथे चुकल्यावर फक्त पुन्हा सुरू करायचं बटण दाबावं लागतं. एड लिंकने ऑर्गनच्या भात्यांतून ते डुलणारं विमान केलं, त्यामागे हाच हिशोब होता: चुका जमिनीवर व्हाव्यात. तेव्हा खुशाल चुका. मुद्दाम चढण्याचा दर जास्त भरून बघा आणि वेग कसा सुटतो ते मोजा. उंची शून्य ठेवून बघा. सांगकाम्याला चुकीचं सांगितल्यावर तो काय करतो, हे एकदा शांतपणे बघितलं की पुढच्या वेळी त्याला नीट कसं सांगायचं, ते आपोआप कळतं.

आजच्यासाठी एवढंच. तुमच्या सिम्युलेटरमध्ये टेकऑफनंतर कुठला मोड सगळ्यात जास्त त्रास देतो, ते आम्हाला जरूर कळवा. भाग आवडला असेल तर त्या मित्राला पाठवा, जो दर वेळी "गेममध्ये बग आहे" म्हणतो. भेटू पुढच्या भागात. तोवर नाक क्षितिजावर, नजर वेगावर!